सिमेंटच्या भट्टीपासून कचेरीच्या एसीपर्यंत: बीएमएस चालते कशी?

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्याचे मुकुटबन आता सिमेंटसाठीही ओळखले जाते. बिर्ला कॉर्पोरेशन समूहाचा वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा कारखाना इथे २०२२ मध्ये सुरू झाला. सिमेंटच्या भट्टीत कच्चा माल सुमारे १,४५० अंशांपर्यंत तापला की क्लिंकर, म्हणजे दळून ज्याचे सिमेंट होते ते खडे, तयार होते. तिथे हाताने तापमान मोजणे शक्यच नाही. सेन्सर तापमान, दाब आणि वायूंचे प्रमाण कळवतात, कंट्रोल रूममधला संगणक ते ठरलेल्या आकड्याशी ताडून पाहतो आणि त्यानुसार इंधन किंवा पंख्यांचा वेग कमी-जास्त होतो. मग पुन्हा मोजणी.

त्याच सिमेंटने बांधलेल्या मोठ्या कचेऱ्या, मॉल आणि रुग्णालये वीज वाचवण्यासाठी हीच पद्धत वापरतात. तिला बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम किंवा थोडक्यात बीएमएस म्हणतात. विदर्भात मे महिन्यात घरचा कूलर रात्रभर चालतो आणि पहाटे गारठा वाटला की कोणीतरी उठून तो बंद करतो. मोठ्या इमारतीत ते उठण्याचे काम बीएमएस करते.

एका सभागृहाचे उदाहरण घेऊ. एसीचा सेटपॉइंट, म्हणजे ठरवून दिलेले तापमान, २४ अंश आहे आणि दुपारी तीनला चाळीस माणसे बैठकीला येतात. माणसांच्या अंगच्या उष्णतेने खोली २६ अंशांवर जाते. सेन्सर ते कळवतो, कंट्रोलर थंड पाण्याचा व्हॉल्व्ह थोडा उघडतो. सुमारे सात अंशांचे पाणी एअर हँडलिंग युनिटच्या नळ्यांतून फिरते, त्यावरून गेलेली हवा गार होऊन खोलीत येते. तापमान सेटपॉइंटजवळ आले की व्हॉल्व्ह पुन्हा आवळला जातो.

श्वासांमुळे खोलीतला कार्बन डायऑक्साइडही वाढतो. त्याच्या सेन्सरने कळवले की कंट्रोलर डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, उघडून बाहेरची ताजी हवा आत घेतो. पण बाहेर ४४ अंश असतील तर ती प्रत्येक झुळूक गार करायला वीज लागते. म्हणून हवा माणसांच्या संख्येला पुरेल इतकीच घ्यायची. बैठक संपली की झडप मिटते.

खरी बचत पंख्यांत आणि पंपांत होते. मोटारीला व्हीएफडी (व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह) बसवला की तिचा वेग गरजेप्रमाणे बदलता येतो. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग २० टक्क्यांनी उतरवला तर वीज जवळपास निम्म्यावर येते. पंखा पूर्ण वेगाने फिरवून झडपेने हवा अडवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

या सगळ्यामागे कायद्याचा रेटाही आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. व्यापारी इमारतींसाठीची ऊर्जा संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली. १०० किलोवॉट किंवा त्याहून अधिक जोडभार असलेल्या इमारतींसाठी ती आहे. कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारतींनाही अशी संहिता लावण्याचा मार्ग मोकळा केला.

मात्र बीएमएस वाईट बांधकामाची भरपाई करू शकत नाही. पुण्यात हडपसरला क्रिस्टोफर बेनिंजर यांनी रचलेल्या सुझलॉनच्या ‘वन अर्थ’ संकुलात आधी ऊन अडवणारे लूव्हर आणि भरपूर नैसर्गिक उजेड यांची सोय केली आहे. पश्चिमेची उघडी काच आणि तापलेला स्लॅब तसाच ठेवला, तर पाणी गार करणारा चिलर दिवसभर त्या उन्हाशीच झुंजत राहतो.

यंत्रणा फसते ती बहुधा साध्या कारणांनी. सेन्सर कपाटामागे किंवा उन्हाच्या तिरिपेत बसवलेला असतो. तो खोलीचे नव्हे, त्या कोपऱ्याचे तापमान सांगतो. किंवा कोणाच्या तक्रारीवरून ऑपरेटरने व्हॉल्व्ह ‘मॅन्युअल’वर टाकलेला असतो आणि परत ‘ऑटो’वर आणायचे राहून जाते. पडद्यावर सगळे ठीक दिसते, बिल मात्र फुगते. म्हणून ‘मॅन्युअल’वरच्या उपकरणांची यादी दर आठवड्याला काढून पाहणे ही चांगल्या देखभालीची पहिली पायरी.

मुकुटबनमधल्या किंवा जवळच्या वणीतल्या छोट्या बँकेला, दवाखान्याला एवढा पसारा लागत नाही. एसी २४ अंशांवर, त्याला टायमर, स्वच्छतागृहात हालचाल ओळखणारा दिवा, गच्चीला पांढरा रंग आणि वेळेवर धुतलेला फिल्टर एवढे पुरे. त्याच्या जोडीला दर महिन्याचे युनिट वहीत मांडावेत. आकडा अचानक चढला, तर बिल भरण्याआधी कारण शोधावे.