जयंती मंडळांनो, २०२८ ची तयारी कुठवर आली?

मार्च उजाडला की माझा फोन वाजू लागतो. कळमनुरी, सेनगाव, वसमत, औंढ्याकडच्या गावांतली पोरं विचारतात, "वकीलसाहेब, डीजेची परवानगी मिळेल का?" गेल्या कित्येक वर्षांत एकाही मंडळाने असे विचारले नाही की, "साहेब, आमच्या गावची जयंती आणखी वीस वर्षांनी कशी असावी?" खरे तर हाच प्रश्न आज चळवळीसमोर आहे.

१४ एप्रिल १९२८ रोजी पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती साजरी केली, असे मानले जाते. त्या वेळी आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. हा उत्सव कुण्या सरकारने, संस्थानिकाने किंवा शेठजीने सुरू केला नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या मायबापांनी पदरचे चार-आठ आणे घालून तो उभा केला. २०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली जिल्ह्यात सुमारे १५ टक्के लोक बौद्ध आहेत. इथल्या वस्तीवस्तीत जयंती होते ती याच वर्गणीवर.

आमच्या लहानपणी, नामांतराच्या लढ्याच्या दिवसांत, जयंती म्हणजे भजनी मंडळ. पेटी, ढोलकी आणि रात्रभर भीमगीते. निरक्षर म्हातारीलाही चवदार तळ्याची हकीकत तोंडपाठ असे, कारण ती तिने गाण्यातून ऐकलेली असे. जलशांनी, शाहिरांनी आणि वामनदादा कर्डकांनी खेडोपाडी जे पोहोचवले, ते कुठल्याही शाळेने पोहोचवले नाही. पुढे कॅसेट आली, मग सीडी, मग डीजे. पूर्वी समाज गात होता, आता समाज फक्त ऐकतो. कानठळ्या बसल्या की तेवढेही ऐकू येत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मिरवणूक बंद करा, असे मी म्हणणार नाही. ज्या रस्त्यावरून आपल्या आज्या-पणज्याला ताठ मानेने चालता येत नव्हते, त्या रस्त्यावरून मिरवणूक नेणे हा आपला हक्क आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात बोंढार हवेली येथे १ जून २०२३ रोजी एका बौद्ध तरुणाचा खून झाला. गावात जयंती काढल्याच्या रागातून हा खून झाला, अशी फिर्याद आहे. ज्या उत्सवासाठी आजही रक्त सांडते, तो उत्सव आपण निष्काळजीपणे कसा हाताळू शकतो?

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. शासन वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण त्या दिवशीही आवाजाची मर्यादा सुटत नाही. गुन्हा दाखल होतो तो पोरांवर. डीजेवाला भाडे घेऊन निघून जातो आणि पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणीच्या वेळी आपला मुलगा माझ्या टेबलासमोर रडत बसतो. असे बाप-लेक मी पाहिले आहेत.

दुसरे दुखणे हिशेबाचे. एका गावात वर्गणीच्या वादातून दोन मंडळे झाली, दोन मिरवणुका निघाल्या आणि विहाराला कुलूप लागले. कागद मागितले तर एक फाटकी वही निघाली. म्हणून सांगतो, मंडळाची नोंदणी करा. नोंदणी नसेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे वर्गणीची परवानगी घ्या. पावती फाडा आणि जयंतीनंतरच्या पहिल्या पौर्णिमेला विहारात सर्वांसमोर हिशेब वाचून दाखवा. वाचणारी व्यक्ती महिला असेल तर फारच उत्तम. वर्गणीत तिचा वाटा आहे, मग समितीत का नसावा?

तिसरे काम सर्वांत निकडीचे. आपल्या जिल्ह्यातल्या नरसीच्या नामदेवांचे अभंग साडेसहाशे वर्षांनंतरही गायले जातात, कारण कुणीतरी ते बाडांत उतरवून ठेवले. आमच्या गावच्या गायकांची गाणी कुणी उतरवली? म्हातारा गायक जातो आणि त्याच्यासोबत त्याची वही जाते. प्रत्येक खिशात मोबाईल आहे. यंदा एका रात्रीच्या डीजेचे भाडे वाचवा, गावातल्या जुन्या गायक-गायिकांना विहारात बसवा, त्यांचा आवाज आणि नामांतराच्या आठवणी ध्वनिमुद्रित करा, वह्यांची छायाचित्रे काढा. अनेक ठिकाणी तरुणांनी १८ तास अभ्यासाचा उपक्रम जयंतीला जोडला आहे, तोही आपल्या गावात आणा.

पुढचे टप्पे ठरलेलेच आहेत. २०२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाची शंभर वर्षे आणि महात्मा फुल्यांच्या जन्माची दोनशे वर्षे. २०२८ मध्ये पहिल्या सार्वजनिक जयंतीची शताब्दी. २०३१ मध्ये धम्मदीक्षेची ७५ वर्षे. या वर्षांसाठी आजपासून दरमहा घरटी दहा-वीस रुपये बाजूला टाकले, तर गावात एक वाचनालय उभे राहील. नाही टाकले, तर त्या शताब्दीलाही आपण भाड्याच्या भिंतीएवढ्या भोंग्यांसमोर नाचत असू.

१९२८ साली ज्यांच्या खिशात काही नव्हते त्यांनी हा उत्सव आपल्या हाती दिला. २०२८ साली आपण तो कुणाच्या हाती आणि कोणत्या अवस्थेत देणार, याचे उत्तर येत्या बैठकीत प्रत्येक मंडळाने लिहून ठेवावे.

जयभीम!