नाताळची भिशी

शेरलॉक होम्सच्या एका गोष्टीत नाताळसाठी आणलेल्या हंसाच्या गळ्यात चोरीचं निळं रत्न सापडतं. ही गोष्ट 1892 च्या जानेवारीत ‘स्ट्रँड’ मासिकात आली. वाचताना आपलं सारं लक्ष रत्नाकडे असतं. पण हंसाचा माग काढत होम्स ब्रिटिश म्युझियमजवळच्या एका गुत्त्यात जातो, तिथे कॉनन डॉयल जाता जाता एक तपशील सांगून टाकतो. गुत्तेवाल्याने गिऱ्हाइकांची भिशी चालवली आहे. दर आठवड्याला काही पेन्स भरायचे आणि नाताळला एक हंस घरी न्यायचा.

हा तपशील त्याने कल्पनेतून काढलेला नव्हता. हंसांच्या अशा भिश्या एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये ठिकठिकाणी चालत. मजुरी आठवड्याची, आणि ती आठवड्यातच संपणारी. अख्खा हंस एकरकमी घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं होतं. मग गुत्तेवाला वही घाली. काही ठिकाणी हंसाबरोबर जिनची बाटलीही मिळे. गुत्तेवाल्याचा हिशेब उघड होता: हप्ता भरायला आलेला माणूस कोरड्या घशाने परत जात नाही. बायकांना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. पण पैसा घरात ठेवला तर तो नाताळपर्यंत टिकत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

हंस मिळाला तरी तो भाजायचा कुठे? गरिबाघरी भट्टी नसे. डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’मध्ये (1843) क्रॅचिट कुटुंबाचा हंस बेकरीवाल्याच्या भट्टीत भाजला जातो आणि पुडिंग शिजतं कपडे उकळायच्या हंड्यात. त्या पुडिंगाची तयारी तर अजून आधीची. अ‍ॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळपूर्व काळाच्या, अगोदरचा रविवार हा पुडिंग कालवण्याचा दिवस मानला जातो. सुका मेवा, चरबी, साखर, मसाले आणि ब्रँडी घातलेला हा गोळा मुरतो तितका चांगला लागतो. मेवा-मसाले एकदम परवडत नसत, म्हणून ते थोडे थोडे आणून ठेवायचे, हे ओघानेच आलं.

या साठवणीकडे सरकारचंही लक्ष गेलं. 1927 मध्ये ‘एम्पायर मार्केटिंग बोर्डा’ने राजाच्या आचाऱ्याची पुडिंगची कृती प्रसिद्ध केली. तिच्यात प्रत्येक जिन्नस साम्राज्यातलाच हवा होता: ऑस्ट्रेलियाच्या मनुका, जमैकाची रम, सायप्रसची ब्रँडी, सिलोनची दालचिनी, झांझिबारची लवंग. भारताच्या वाट्याला आला मसाला. इंग्रज गृहिणीच्या वाणसामानाच्या यादीवर एवढा मोठा नकाशा क्वचितच कुणी पसरला असेल. पुढे युद्ध आलं. 8 जानेवारी 1940 ला सुरू झालेलं रेशनिंग 4 जुलै 1954 पर्यंत टिकलं. त्या काळात पैशाइतकेच रेशनचे पॉइंट साठवावे लागत, आणि मनुका पुरल्या नाहीत की पुडिंगात गाजर किसून पडे.

भिशीकडे परत येऊ, कारण पुडिंगापेक्षा तिची गोष्ट मोठी आहे. पैसा कुणाच्या हाती द्यायचा, या प्रश्नाला इंग्लंडच्या कामगारांनी एक फार चांगलं उत्तर शोधलं होतं. रॉचडेल या गिरण्यांच्या गावात त्यांनी स्वतःचं सहकारी दुकान काढलं. ते उघडलं 21 डिसेंबर 1844 ला, नाताळला चार दिवस असताना. माल काय, तर लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. खरेदीच्या प्रमाणात सभासदांना लाभांश मिळे. पुढे देशभर पसरलेल्या अशा दुकानांचा लाभांश कित्येक घरांत सणासाठी आणि मुलांच्या कपड्यांसाठी राखून ठेवला जाई. अमेरिकेत ही जागा बँकांनी घेतली. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल ट्रस्ट कंपनीने 1909 मध्ये नाताळ बचत खातं सुरू केलं, आणि ती कल्पना इतर बँकांनीही उचलली.

ब्रिटनमध्ये मात्र युद्धानंतर हा धंदा हॅम्पर, म्हणजे सणाच्या खाऊच्या पेट्या, विकणाऱ्या कंपन्यांकडे गेला. बर्कनहेडची ‘पार्क’ 1967 पासूनची. तिची प्रतिस्पर्धी होती स्विंडनची ‘फेअरपॅक’. वर्षाच्या सुरुवातीला कॅटलॉग यायचा. त्यातून हॅम किंवा टर्कीची पेटी, नाहीतर दुकानांची व्हाउचरं निवडायची आणि वर्षभर हप्ते भरायचे. पैसे गोळा करणारी एजंट म्हणजे बहुधा शेजारीण, नणंद, नाहीतर कारखान्यात शेजारच्या मशीनवर बसणारी मैत्रीण. कंपनीची खरी ठेव हीच होती: बाईचा बाईवरचा विश्वास.

13 ऑक्टोबर 2006 ला फेअरपॅक बुडाली. नाताळला दहा आठवडे उरले होते आणि जवळजवळ सगळे हप्ते भरून झाले होते. एक लाखाहून जास्त घरांचे मिळून जवळपास 4 कोटी पौंड गेले. गोळा झालेला पैसा वेगळा ठेवलेलाच नव्हता. तो मूळ कंपनीच्या खात्यात जाई, आणि ती कंपनी बँकेच्या कर्जात होती. एजंट बायकांचे हाल तर दुहेरी झाले. स्वतःचे पैसे गेले, शिवाय दार वाजवून ज्यांच्याकडून पैसे आणले त्यांना रोज रस्त्यात तोंड दाखवायचं.

तेव्हा पुष्कळ शहाण्यांनी विचारलं, की व्याज न देणाऱ्या कंपनीकडे पैसे ठेवलेच कशाला? पोस्ट होतं, बँका होत्या. मला हा प्रश्नच उर्मट वाटतो. बँकेतून पैसा कधीही काढता येतो, आणि तीच तर अडचण होती. मुलाचे बूट फाटले, विजेचं बिल आलं, की तो निघाला. या बायकांना कुलूप हवं होतं, आणि त्यासाठी व्याज सोडायला त्या राजी होत्या. पुढे नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी माणसाच्या स्वनियंत्रणाबद्दल लिहिताना नाताळच्या बचत खात्यांचाच दाखला दिला आहे. कुलूप मागण्यात चूक नव्हती. किल्ली ज्याच्या हाती होती तोच कर्जबाजारी होता, ही चूक होती.

नंतरची हकिकत थोडक्यात. 2007 मध्ये उरलेल्या कंपन्यांनी संघटना काढली आणि ग्राहकांचा पैसा कंपनीपासून अलग, विश्वस्तांच्या ताब्यात ठेवायला सुरुवात केली. जून 2012 मध्ये फेअरपॅकच्या संचालकांवरचा खटला मध्येच सोडून द्यावा लागला. त्या वेळी न्यायमूर्ती पीटर स्मिथ यांनी मूळ कंपनीला कर्ज देणाऱ्या बँकेवर टीका केली. तिचं वागणं कायद्यात बसणारं असलं तरी लोकांना ते पटेलच असं नाही, असा त्यांचा रोख होता. लवकरच ती बँक विकत घेतलेल्या लॉइड्सने 80 लाख पौंड दिले. तरी ग्राहकांच्या हाती पौंडामागे निम्म्याच्या आसपासच आलं, तेही सहा नाताळ उलटल्यावर.

हे सगळं दिवाळी अंकात का, हे वेगळं सांगायला नको. किराणा दुकानातली दिवाळी भिशी, ऑफिसातला दिवाळी फंड, सराफाची सुवर्ण योजना ही त्या हंसांच्या भिशीचीच भावंडं. सराफाची योजना बहुधा अकरा महिन्यांची का असते, तेही पाहा. कंपनीने मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम 365 दिवसांत वळती झाली नाही, तर ती ठेव ठरते आणि ठेवींचे कडक नियम लागू होतात. कायदे आपल्याकडे कमी नाहीत. 1982 चा चिट फंडांचा, 1999 चा महाराष्ट्राचा ठेवीदारांच्या संरक्षणाचा, 2019 चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा, असे तीन तर सहज सांगता येतात. पण 1999 च्या कायद्याचा मुख्य आधार म्हणजे बुडवणाऱ्याच्या मालमत्तेची जप्ती, आणि ती पैसे गेल्यावर होते. गल्लीतल्या फंडाचा पैसा गोळा होत असतानाच वेगळा ठेवायची व्यवस्था अजूनही आयोजकाच्या सचोटीवरच आहे.

म्हणून फंड बंद करा, असं मी म्हणणार नाही. फंड नसेल तर कित्येक घरांत फराळाचं सामान उधारीवर येईल. दिवाळी उलटून नव्या वर्षाची वही उघडेल, तेव्हा पहिला हप्ता देताना दोनच गोष्टी विचारा: पैसे कुठल्या खात्यात राहणार, आणि ते काढायला किती जणांच्या सह्या लागणार. विचारणाऱ्याला कुणी संशयी म्हटलं तर म्हणू द्या.