शिशाची जागा घेणारे प्लॅटिनम

कच्च्या तेलाच्या ऊर्ध्वपातनातून निघणारा नॅप्था तसाच गाडीत भरला, तर चढावर इंजिन ‘नॉक’ करू लागते. सरळ साखळीचे त्यातले रेणू ठिणगीची ज्वाला पोहोचण्याआधीच आपोआप पेट घेतात. ऑक्टेनच्या मोजपट्टीवर नॉर्मल हेप्टेन 0, आयसोऑक्टेन 100. साधा नॅप्था बहुधा साठीच्या आतच अडकतो. 1921 साली अमेरिकेत टॉमस मिजली यांनी त्यावर टेट्राएथिल लेडचा स्वस्त तोडगा शोधला आणि पुढची कित्येक दशके धुरातले शिसे जगभरच्या मुलांच्या रक्तात उतरत राहिले. मिजलींचे नाव निदान बदनामीमुळे तरी लोकांना ठाऊक आहे. व्लादिमिर हेन्सेल यांचे नाव मात्र रसायन अभियंत्यांच्या वर्तुळाबाहेर कुणी घेत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

हेन्सेल 1914 साली जर्मनीत जन्मले, मॉस्कोत वाढले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाले. युनिव्हर्सल ऑइल प्रॉडक्ट्स या कंपनीत नॅप्थाचा ऑक्टेन वाढवण्यासाठी त्यांनी उत्प्रेरक म्हणून चक्क प्लॅटिनम वापरायचे ठरवले. पेट्रोलसारख्या स्वस्त मालासाठी इतका महाग धातू, ही कल्पनाच अनेकांना वेडेपणाची वाटली. त्यांनी अॅल्युमिनावर प्लॅटिनमचा अगदी अल्प अंश पसरवला आणि क्लोरिनच्या साहाय्याने त्या अॅल्युमिनाला आम्लधर्म दिला. 1949 मध्ये मिशिगनमधल्या मस्केगन येथे असा पहिला कारखाना, म्हणजे रिफॉर्मर, सुरू झाला.

आत घडते ते असे. सुमारे 500 अंश सेल्सिअसला मिथिलसायक्लोहेक्झेनचा रेणू प्लॅटिनमला चिकटतो, हायड्रोजनचे सहा अणू सोडतो आणि टोल्यूइन होऊन सुटतो. टोल्यूइनचा ऑक्टेन शंभराच्याही वर जातो. ही क्रिया उष्णता शोषून घेते, म्हणून तीन-चार पोलादी रिअॅक्टरांची रांग लावून दर दोन टप्प्यांमध्ये माल पुन्हा तापवावा लागतो. गंधक हा प्लॅटिनमचा वैरी. त्यामुळे नॅप्थातले गंधक आधीच जवळजवळ नाहीसे करतात. तरीही उत्प्रेरकावर कार्बनची काजळी साचतेच. 1970च्या दशकात आलेल्या पद्धतीत मोहरीच्या दाण्याएवढ्या उत्प्रेरक-गोळ्या रिअॅक्टरमधून सावकाश खाली सरकतात, बाहेर त्यांची काजळी जाळली जाते, क्लोरिन पुन्हा चढवले जाते आणि त्या वरून परत आत येतात. कारखाना थांबवावा लागत नाही. मला या साऱ्या यंत्रणेतली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते.

भारतात 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. शिसे गेल्यावर ऑक्टेनचा मोठा भार रिफॉर्मेटवर, म्हणजे रिफॉर्मरमधून निघणाऱ्या मालावर, पडला आणि त्याच्यासोबत बेंझीनचा प्रश्नही आला, कारण बेंझीन कर्करोगकारक आहे. भारत स्टेज 6 च्या पेट्रोलमध्ये त्याची मर्यादा 1 टक्का आहे. बेंझीन बनू शकणारे हलके रेणू म्हणूनच रिफॉर्मरमध्ये जाण्याआधीच वेगळे काढतात.

आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळले जाते आणि त्यात महाराष्ट्रातल्या उसाचाही वाटा आहे. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला, म्हणून रिफॉर्मर थोडा सौम्यपणे चालवता येईल. पण मग त्यातून निघणारा हायड्रोजनही घटेल. डिझेलमधले गंधक दशलक्ष भागांत 10 भागांवर आणायला तोच हायड्रोजन लागतो. तो कमी पडला, तर बहुतेक रिफायनऱ्यांना नैसर्गिक वायू किंवा नॅप्थापासून बनवावा लागतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. उसाचे गणित मांडताना हा खर्चही धरला पाहिजे.