मासा न मारता त्याची प्रकृती कशी ओळखावी?



खताची मात्रा ठरविण्यापूर्वी आपण माती परीक्षण करून घेतो. मग पाण्यातल्या माशाची प्रकृती कशी पाहावी? पोट फाडले की आजार कळतो, पण मासा हातचा जातो. रोहू-कटल्याच्या तळ्यात हे एक वेळ चालेल. महाशिराच्या बाबतीत परवडणारे नाही. हिमालयातील नद्यांचा सोनेरी महाशीर आज जागतिक यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदला आहे. आपल्याकडे लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७० च्या दशकात महाशिराचे बीज तयार करण्यास सुरुवात झाली. असे बीज पुढे नद्या-जलाशयांत सोडतात. पाळलेले नर-मादी रोगट असतील, तर पिलांबरोबर रोगही नदीत जाण्याची भीती असते. म्हणून जिवंत माशाचे रक्त तपासणे फायद्याचे.

रक्तात काय पाहतात?

रक्त गोठले की वर पिवळसर पाणी सुटते. त्यातील प्रथिने मोजतात. प्रथिनांचे मुख्य भाग दोन: अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन. रोगाशी झुंजणारी द्रव्ये ग्लोब्युलिनमध्ये येतात. समजा, १०० मिलिलिटरमध्ये एकूण प्रथिने ४ ग्रॅम आणि अल्ब्युमिन १.५ ग्रॅम भरले, तर ग्लोब्युलिन २.५ ग्रॅम.

आकडा काय सांगतो?

१) प्रथिने कमी : उपासमार, निकृष्ट खाद्य, जंत, अथवा यकृत-मूत्रपिंडाचा बिघाड.
२) ग्लोब्युलिन जास्त : शरीर रोगजंतूंशी लढत असल्याची शक्यता.
३) मादीत प्रथिने जास्त : अंडी भरण्याच्या काळात बलकाचे प्रथिन रक्तातून वाहते. हा आजार नव्हे!

तेव्हा एकाच आकड्यावर निदान करू नये. त्याच जातीच्या, त्याच वजनाच्या, त्याच हंगामातील निरोगी माशांचे आकडे शेजारी ठेवूनच तुलना करावी.

रक्त कसे घेतात?

आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवतात. लवंग तेलाच्या सौम्य द्रावणात माशाला गुंगी देतात. ओल्या हाताने धरून, शेपटीकडील भागात खालच्या बाजूने कण्याजवळच्या शिरेत बारीक सुई घालतात. किलोमागे १ मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त घेत नाहीत. मासा लगेच स्वच्छ, वाहत्या पाण्यात सोडतात. दमवून पकडलेल्या माशाचे आकडे बिघडतात. नमुना लालसर झाला तर रक्तपेशी फुटल्या असे समजावे. तो बाद करावा. केंद्रावर अपवर्तनमापी असेल तर एका थेंबात एकूण प्रथिनांचा अंदाज मिळतो. अल्ब्युमिनसाठी मात्र प्रयोगशाळाच हवी.

आपण काय करावे?

सुई स्वतः टोचू नका. ते शिकलेल्या माणसाचे काम. आपण वही ठेवा. तारीख, पाण्याचे तापमान, दिलेले खाद्य, माशाचे वजन आणि मेलेल्या माशांची संख्या लिहा. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले, खाद्य सोडले, अंगावर व्रण दिसले, तर वाट न पाहता मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांना कळवा. रक्ताचा आकडा आणि तुमची वही शेजारी ठेवली म्हणजे खरे दुखणे सापडते. एकटा आकडा मात्र फसवतो, बरं का!