हापसा जालन्याचा, शाळा आफ्रिकेतली

आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यातल्या शाळेला पिण्याचे पाणी आणि संडास करून द्यावेत, असा विषय आपल्या काही कुटुंबांत सध्या चालू आहे. कल्पना चांगलीच आहे. वर्गणी गोळा करण्याआधी त्यातले यंत्र समजून घ्यावे, म्हणून हा प्रपंच. इथे बुओना व्हिस्टात नळ सोडला की पाणी येते. तसल्या शाळेत पाणी म्हणजे बहुतेक वेळा हापसा.

आणि त्या हापशाचे माहेर आपल्याकडे, जालना-सोलापुरात आहे! १९६७ सालापासून युनिसेफच्या मदतीने भारतातल्या कठीण खडकात यंत्राने विंधणविहिरी खोदल्या जाऊ लागल्या. वर बसवलेले पंप मात्र बिडाचे, युरोप-अमेरिकेतल्या एकेका कुटुंबाच्या अंगणासाठी केलेल्या पंपांच्या नकला. आपल्या गावात त्यांच्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत शेकडो माणसे हापसत. १९७४च्या पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश पंप बंद आढळले.

दुखणे दांड्याच्या सांध्यात होते, आणि ते आधी ओळखले जालन्याच्या स्कॉटिश मिशनमधल्या मंडळींनी, पुढे सोलापूर वेल सर्व्हिसने. त्यांनी बीड टाकून पोलाद घेतले. अनेक पिनांच्या जागी एकच टेकू ठेवला. सोलापूरच्या पंपात त्या टेकूला बंदिस्त बॉल बेअरिंग होते आणि दांड्याच्या डोक्याला कमान, तिच्यावरून जाणारी साखळी खालच्या सळईला जोडलेली. साखळी कमानीवर टेकत फिरते, त्यामुळे सळई नेहमी सरळच वर-खाली होते, तिरका ताण बसत नाही. मी आजवर पाहिलेल्या उत्तम डिझाइनांपैकी हे एक. याच नमुन्यावरून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘इंडिया मार्क-२’ झाला आणि पुढे आफ्रिकेत गावोगावी पोचला.

पण वरचा भाग टिकला, तरी खाली सिलिंडरमधले वायसर झिजतातच. मार्क-२ मध्ये ते बदलायला लोखंडी पाइपांची अख्खी माळ वर ओढावी लागते. त्याला तिवई, जड पाने आणि चार-पाच तरबेज माणसे हवीत. पाणी आम्लधर्मी असेल तर पाइप गंजतात, पाणी तांबूस येते आणि लोक पुन्हा ओढ्याकडे वळतात. यावर उपाय म्हणून ऐंशीच्या दशकात पूर्व आफ्रिकेत ‘आफ्रिदेव’ पंप तयार झाला. त्याचा पाइप रुंद आणि प्लास्टिकचा. दट्ट्या त्यातूनच वर काढता येतो, गावातली माणसे हे काम करू शकतात. विहीर फार खोल असेल तर मात्र तो चालत नाही.

संडासाचे उत्तर झिंबाब्वेत १९७०च्या दशकात निघाले, ‘ब्लेअर’ नावाने. पाणी लागत नाही. खड्ड्यातून एक उभी नळी छपराच्या वर नेलेली, तिच्या तोंडाला जाळी. नळीच्या माथ्यावरून वारा वाहिला की दुर्गंधी वर खेचली जाते आणि बैठकीच्या भोकातून ताजी हवा आत येते. आत अंधार ठेवलेला असतो, म्हणून खड्ड्यातल्या माश्या नळीतल्या उजेडाकडे धावतात आणि जाळीखाली अडकून मरतात. हौसेने मोठी खिडकी केली की सगळी युक्ती फसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने २५ मुलींमागे एक संडास लागतो. मुलग्यांसाठी ५० मागे एक आणि शिवाय मुतारी. वयात आलेल्या मुलींना आत पाणी आणि दाराला कडी लागते, नाहीतर महिन्यातले ते दिवस शाळा बुडते. खड्डा विंधणविहिरीपासून निदान ३० मीटर दूर आणि उताराच्या बाजूला असावा.

तेव्हा अंदाजपत्रक मागवताना बोअर किती फूट, एवढेच विचारू नये. वायसर जवळच्या कोणत्या बाजारात मिळतात, पंप कोण उघडणार, त्याचे पैसे पालकांची समिती दर महिन्याला कसे जमवणार आणि खड्डा भरल्यावर काय, हे लेखी मागवावे. ही उत्तरे आली की वर्गणीचा आकडा ठरवू.