गुडियमची वाट : अल्लिकुळी डोंगरातील पदभ्रमणाचा मार्ग

चेन्नईच्या उपनगरी रेल्वेच्या उत्तर मार्गावर, आंध्र प्रदेशाच्या सीमेलगत वसलेले गुम्मिडिपूंडी हे आज सिपकॉट औद्योगिक वसाहतीमुळे, म्हणजे तमिळनाडू शासनाच्या उद्योगविकास महामंडळाने उभारलेल्या कारखान्यांच्या वसाहतीमुळे ओळखले जाते. त्याच्या पूर्वेला पुलिकतचे खारे सरोवर असून पश्चिमेला, उत्तुकोट्टैच्या दिशेने, सपाट भूमी हळूहळू उंचावत अल्लिकुळीच्या ठेंगण्या डोंगररांगेला मिळते. गुम्मिडिपूंडी ज्या तिरुवळ्ळूर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील गुडियम या खेड्यापासून डोंगरातील शैलाश्रयांपर्यंत, म्हणजे कड्याखाली नैसर्गिकरीत्या तयार झालेल्या उथळ गुहांपर्यंत, जाणारी पायवाट हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सह्याद्रीत हिंडणाऱ्या मराठी वाचकाला या वाटेचे ऋतुमान प्रथम समजून घ्यावे लागते. या किनाऱ्यावर पावसाचा मोठा वाटा ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत पडत असल्याने, महाराष्ट्रातील डोंगर पिवळे पडू लागतात त्या सुमारास अल्लिकुळीचे झुडपी रान हिरवे होते. या बाबतीत त्याचे साम्य दूरच्या कॉर्फू या ग्रीक बेटाशी आहे; तेथेही पाऊस मुख्यतः हिवाळ्याचा असून, व्हेनिसच्या राजवटीत लागवड झालेल्या ऑलिव्हच्या बागांमधून जुन्या वाटा जोडत 2001 मध्ये बेटाच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंतचा पदभ्रमणमार्ग खुला करण्यात आला. कॉर्फूच्या वाटा गावांना आणि बागांना जोडतात, तर गुडियमची वाट चालणाऱ्याला मानवाच्या प्रागितिहासात नेते, आणि तिचे खरे महत्त्व याच गोष्टीत आहे.

गाव मागे पडल्यावर पायाखाली लोहयुक्त तांबडी खडी येते आणि दोन्ही अंगांना करवंदीच्या जाळ्यांसह काटेरी झुडुपांची दाटी होते. चढ कष्टाचा नाही. परंतु सावली तुटक असल्याने सकाळी लवकर निघणे इष्ट ठरते. मुख्य शैलाश्रयाशी पोहोचल्यावर कड्याची भिंत जवळून पाहण्याजोगी आहे. हा खडक पिंडाश्म या प्रकारचा, म्हणजे प्राचीन प्रवाहांनी वाहून आणलेले गोटे बारीक गाळात घट्ट बसून झालेला असून, गुळाच्या चिक्कीतील शेंगदाण्यांप्रमाणे त्यात लहानमोठे गुळगुळीत गोटे जागोजागी अर्धे बाहेर डोकावताना दिसतात. यांपैकी बहुसंख्य गोटे क्वार्टझाइटचे, म्हणजे उष्णता व दाब यांमुळे वाळूच्या दगडापासून बनलेल्या अतिकठीण खडकाचे आहेत. भिंत झिजते तसे ते सुटून उतारावर आणि ओढ्यांत पसरतात, आणि नेमका हाच दगड आदिमानवाने हत्यारांसाठी निवडला होता.

ही निवड प्रथम ओळखली ती भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रॉबर्ट ब्रूस फूट यांनी. 30 मे 1863 रोजी मद्रासजवळच्या पल्लावरम येथे त्यांना दगडी हत्यार सापडले आणि त्याच वर्षी विल्यम किंग यांच्यासमवेत त्यांनी कोसस्थलैयार नदीच्या खोऱ्यातील अत्तिरंपाक्कम हे स्थळ शोधले. पुढे 1960 च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे के. डी. बॅनर्जी यांनी गुडियमच्या शैलाश्रयांत उत्खनन केले, तर 1999 पासून अत्तिरंपाक्कम येथे शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्याने काम आरंभले. शांती पप्पू यांचे संशोधनशिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, म्हणजे ह. धी. सांकलिया यांनी प्रागितिहासाच्या अभ्यासाची घडी बसवलेल्या संस्थेत झाले, ही गोष्ट मराठी वाचकाला अभिमानाची वाटावी. त्यांच्या चमूने 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार अत्तिरंपाक्कमची अश्यूलियन हत्यारे, म्हणजे दोन्ही बाजूंनी छिलके काढून घडवलेल्या हातकुऱ्हाडी व फरशा, सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीच्या ठरतात. 2018 मध्ये त्यांनी तेथील मध्य पुराश्मयुगीन परंपरेचा आरंभ सुमारे 3 लाख 85 हजार वर्षांपूर्वी नेऊन ठेवला. हे कालमापन अत्तिरंपाक्कमचे आहे, गुडियमचे नव्हे, हा भेद वाटसरूंना सांगितल्या जाणाऱ्या माहितीत पुष्कळदा पुसला जातो, आणि तो जपलाच पाहिजे.

मार्गाची आजची व्यवस्था एका दुःखद घटनेनंतर घडत गेली. 11 मार्च 2018 रोजी थेनी जिल्ह्यातील कुरंगणीच्या वणव्यात वीसहून अधिक पदभ्रमण करणारे दगावले, आणि त्यानंतर वनक्षेत्रातील भ्रमंतीसाठी राज्याने स्वतंत्र नियम केले. ऑक्टोबर 2024 मध्ये तमिळनाडू शासनाने ‘ट्रेक तमिळनाडू’ ही योजना सुरू करून 40 मार्ग आखून दिले. गुडियम त्यांपैकी एक आहे. आगाऊ नोंदणी, वनखात्याची परवानगी आणि स्थानिक, विशेषतः आदिवासी, तरुणांमधून प्रशिक्षित केलेले वाटाडे ही या योजनेची मुख्य अंगे होत. स्वैर हिंडण्याची सवय असलेल्यांना हे बंधन जाचक वाटेल. तरीही ज्या रानात उन्हाळ्यात ठिणगी पुरेशी असते आणि ज्या कड्याला आग्या मोहोळे लटकलेली असतात, तेथे वाट जाणणारा माणूस सोबत असणे अत्यावश्यकच म्हटले पाहिजे. शिवाय वाटेचा काही पैसा वाटेवरच्या गावात राहतो, हा या व्यवस्थेचा मोठाच गुण आहे.

गुम्मिडिपूंडीहून किंवा चेन्नईहून निघणाऱ्याने पाऊस ओसरू लागल्यावरचे डिसेंबर-जानेवारी हे महिने निवडावेत, परतीच्या वाटेवर पूंडी जलाशयाजवळचे राज्य पुरातत्त्व खात्याचे प्रागैतिहासिक वस्तुसंग्रहालय अवश्य पाहावे, आणि वाटेत धारदार कडेचा एखादा गोटा दिसला तर तो निरखून जागच्या जागी ठेवावा. कारण मूळ जागेवरून हललेल्या हत्याराचा अभ्यासकाला फारसा उपयोग उरत नाही.