चालू चक्की विकत घेताना

सावनेर तालुक्यातल्या गटांच्या बैठकीत आम्हाला एक प्रश्न नेहमी विचारला जातो : गावातली चालू चक्की विकायला आहे, बँकेचं कर्ज काढून घ्यावी का? चालू धंद्याचं गिऱ्हाईक बांधलेलं असतं, पहिल्या दिवसापासून दळण येतं. पण हप्ता निघेल की नाही, हे आधी कागदावर मांडलं पाहिजे.

पैसा कुठून येईल? एक वाट आपल्या गटाची. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बचत गटाला १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण द्यावं लागत नाही. मात्र परतफेडीची जबाबदारी साऱ्या गटाची, म्हणून बैठकीत ठराव हवाच. दुसरी वाट मुद्रा कर्जाची, ते एकटीच्या नावावर मिळतं. 'शिशू' ५० हजारांपर्यंत, 'किशोर' ५ लाखांपर्यंत. इथेही तारण नाही. पण बँक तुमची जुनी परतफेड तपासते. फायनान्सचे हप्ते थकले असतील तर ते तिथे दिसतात.

एक गोष्ट नीट ऐका. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं अनुदान मुख्यतः नव्या उद्योगासाठी आहे. जुनी चक्की विकत घ्यायला ते मिळत नाही. "अनुदान मिळवून देतो" म्हणून कोणी पैसे मागितले, तर देऊ नका.

आता हिशेब. समजा, चक्की २ लाखांची आणि व्याज १२ टक्के. ३ वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता साधारण ६,६४० रुपये. मालक एप्रिल-मे महिन्यांचा गल्ला दाखवतो, १८ हजारांचा. तेव्हा नवा गहू आलेला असतो, तिखट-हळदीचं दळणही जोरात असतं. त्यातून वीज ५ हजार, भाडं दीड हजार, दगडांना टाकी, पट्टा आणि दुरुस्ती १ हजार वजा करा. उरले साडेदहा हजार. हप्ता आरामात निघतो.

पण पावसाळ्यात गल्ला १२ हजारांवर आला तर? वीज साडेतीन हजार, बाकी खर्च तेवढाच. उरले ६ हजार, म्हणजे हप्त्यालाही पुरत नाहीत. मग कापूस वेचण्याची मजुरी चक्कीत घालावी लागेल. मुदत ५ वर्षांची केली तर हप्ता ४,४५० वर येतो. पण एकूण व्याज सुमारे २८ हजारांनी वाढतं. म्हणून आधी किंमत कमी करून घ्या, मग मुदत ठरवा. मालकाकडून वर्षभराची वीजबिलं मागा. दळण किती झालं, ते बिलातल्या युनिटांवरून कळतं.

सौद्याआधी एवढं तपासा :

• वीजबिल कोणाच्या नावावर आहे, थकबाकी आहे का? जुनी थकबाकी नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते.
• मशीन आधीच कुठल्या बँकेकडे तारण आहे का?
• जागा भाड्याची असेल, तर जागामालक तुमच्या नावाने करार करून देईल का?
• उद्यम नोंदणी स्वतःच्या नावाने करा. ती ऑनलाइन फुकट होते.

विसार रोख देऊ नका, खात्यातून द्या. मशीन, मोटर, वजनकाटा असं एकेक नाव लिहून स्टँप पेपरवर करार करा. आणि सही करण्याआधी हा हिशेब गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचा. दहा जणींच्या नजरेतून चूक सुटत नाही.